चारठाणकरांचा अखिल विश्व साधक कट्टा

कल्पना करा की तुम्हाला एक खुला ऑनलाइन समूह उभा करायचाय. कोणत्याही धर्माच्या माणसानं यावं, कशावरच विश्वास नसलेल्यानंही यावं, मनातलं विचारावं आणि दुसऱ्याचं ऐकावं, असा. सुरुवात कुठून कराल? माणसं गोळा करण्यापासून, असं म्हणत असाल तर तुम्ही या कामाला नवीन आहात. सुरुवात बोधचिन्हापासून होते. सगळ्या धर्मांची चिन्हं एका गोलात बसवायची, म्हणजे कोण पहिला आणि कोण शेवटचा हा वाद नको. मग लक्षात येतं की गोलालाही वरची बाजू असते. तिथं कुणाला बसवायचं? नऊ दिवस विचार करून तुम्ही सगळी चिन्हं काढून टाकता आणि सूर्यफूल लावता.

मग नाव. नावात शहर घालावं असं तुम्हाला वाटतं, पण आपल्या शहराचं जुनं किंवा नवं, कोणतंही नाव घातलं तरी पहिल्याच दिवशी निम्मे सदस्य निघून जातील. म्हणून तुम्ही शहर सोडून विश्व घेता. विश्वाचं नाव अजून कुणी बदललेलं नाही.

आणि समजा, हे सगळं तुम्ही एकाच माणसाशी बोलता यावं म्हणून करताय, आणि त्या माणसाचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. तरी कराल?

मधुसूदन चारठाणकरांनी केलं.

चारठाणकर उस्मानपुऱ्यात राहतात. एका सरकारी कार्यालयातून सहा वर्षांपूर्वी मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसतात. शेजारी पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र. टेबलावरची घंटा तेवढी कार्यालयात राहिली, नाहीतर त्यांच्या पत्नीला, शैलाकाकूंना, चहासाठी तीच ऐकावी लागली असती.

त्या कार्यालयात मोईनुद्दीन फारुकी नावाचे अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे पातळ कागदावर उतरवून घेणारा माणूस. मोईनभाईंचा हात इतका सरळ होता की साहेब लोक त्यांच्या रेषेवर पट्टी ठेवून बघायचे. त्यांचं टेबल चारठाणकरांच्या टेबलाला चिकटून. सव्वीस वर्षं दोघांनी एका पंख्याखाली डबे खाल्ले. मोईनभाई त्यांना ‘बडे बाबू’ म्हणायचे. निवृत्तीच्या समारंभात दोघं गळ्यात पडून रडले, भेटत राहू म्हणाले, आणि तीन वर्षं ‘जुने सहकारी’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात म्हणत राहिले.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर चारठाणकरांनी त्या ग्रुपवर एक संदेश पुढं पाठवला. अमुक लोकांच्या दुकानात पाऊल ठेवू नका, अशा अर्थाचा, लांबलचक. मोईनभाईंच्या मुलाचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे, हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. चारठाणकरांनी स्वतः तिथून दोन चादरी घेतल्या होत्या. संदेशाखाली त्यांनी नेहमीसारखे जोडलेले हातही टाकले. मोईनभाईंनी वाचलं आणि ग्रुप सोडला.

“मी तो वाचलाच नव्हता,” असं चारठाणकर आजही सांगतात. हे खरं आहे, आणि यापेक्षा वाईट खुलासा त्यांना शोधून सापडला नसता. न वाचता पुढं पाठवणं हे त्यांचं तेहतीस वर्षांचं काम होतं. फाईल आली की कोपऱ्यात ‘सादर’ लिहायचं, सही करायची आणि वरच्या टेबलाकडं सरकवायची. आत काय आहे हे वाचत बसले असते तर त्यांना बढती मिळाली नसती.

“अहो, फोन करा आणि चुकलो म्हणा,” शैलाकाकू तेव्हाच म्हणाल्या होत्या.

“असं एकदम कसं म्हणायचं? विषय नाजूक आहे. त्याला एक पार्श्वभूमी तयार करावी लागते.”

पार्श्वभूमी तयार व्हायला दोन वर्षं लागली. तिचं नाव अखिल विश्व साधक कट्टा.

कट्ट्यासाठी आधी नियम तयार झाले. ते एकवीस होते. नियम दोन म्हणतो की सर्व धर्म समान आहेत. नियम सात म्हणतो की धार्मिक भावना दुखावतील अशा शक्यतेमुळं धार्मिक मजकूर टाकण्यापूर्वी व्यवस्थापकांची पूर्वपरवानगी घ्यावी. नियम अकरानुसार आध्यात्मिक शंका सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळातच विचारायच्या. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. मी त्यांचा शेजारी, स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सुरक्षिततेच्या नावाखाली दार इतकं घट्ट लावता येतं की आत कुणी येऊच शकत नाही, हे मला माहीत आहे. पण खुल्या दाराला एवढ्या कड्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

मग प्रवेशअर्ज. त्यात ‘धर्म (एकच निवडा)’ असा रकाना होता. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी, साधक, इतर. पहिल्या आठवड्यात आमच्याच भागातला बुद्धभूषण, बँकेत अधिकारी आहे, अर्ज अर्धवट सोडून थेट चारठाणकरांच्या फाटकाशी आला.

“काका, या शहरात पारशी किती असतील?”

“नसतील फारसे. का रे?”

“त्यांना रकाना आहे. आम्ही ‘इतर’मध्ये आहोत. तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बुद्धविहार आहे, काका.”

चारठाणकरांचा चेहरा पडला. “अरे, चुकून राहून गेलं. टंकलेखनात.”

“आम्ही नेहमी चुकूनच राहतो,” बुद्धभूषण हसत म्हणाला. “दुरुस्त करा. मी येतो कट्ट्यावर. गंमत बघायला तरी येतोच.”

दुरुस्तीचं शुद्धिपत्रक निघालं, त्याला क्रमांक पडला.

सहा महिन्यांत कट्ट्याचे चारशे बारा सदस्य झाले. आकडा ऐकायला बरा आहे. त्यातले तीनशे नव्वद हिंदू. बाकीच्यांत बुद्धभूषण आणि त्याचे दोन मित्र, औरंगपुऱ्यातलं एक जैन कुटुंब, आणि ज्यांनी ‘साधक’ हा रकाना काही न कळून दाबला असे लोक. मुस्लिम, शून्य. चारठाणकर रोज सकाळी नव्या अर्जांची यादी उघडायचे, बोट खालपर्यंत न्यायचे आणि बंद करायचे. ते कुणाचं नाव शोधतायत हे शैलाकाकूंना बरोबर कळायचं.

“लिंक पाठवलीय ना त्यांना?”

“पाठवलीय. सगळ्यांना एकदम जाते तशी.”

“म्हणजे दोनशे लोकांना गेलेली, तीच त्यांना?”

“वेगळी पाठवली तर त्यांना वाटेल मुद्दाम पाठवली.”

“मुद्दामच पाठवायचीय ना!”

यावर चारठाणकरांकडं नियम नव्हता. ते पाणी प्यायले.

मग त्यांनी परिपत्रक काढलं. प्रत्येक सदस्याने आपल्या ओळखीच्या किमान एका अन्यधर्मीय व्यक्तीस कट्ट्यावर जोडावे. चारशे बारा माणसांनी आपापले फोन चाळले. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, पाच पिढ्या याच शहरात राहिलेली माणसं. त्या सगळ्या फोनमधून जी अन्यधर्मीय नावं निघाली ती अशी: इम्रान एसी, गफ्फार गादीवाले, सलीम पंक्चर, अन्वरभाई पडदे. फ्रान्सिस सर निघाले, पण ते ‘फ्रान्सिस मॅथ्स ट्यूशन’ या नावानं होते, आणि त्यांचा नंबर दोन वर्षांपूर्वीच बदलला होता.

या सगळ्यांना न विचारता जोडण्यात आलं. साहजिकच त्यांना वाटलं की गिऱ्हाइकांचा ग्रुप आहे. दुसऱ्या दिवशी इम्रानचा संदेश आला: “नमस्ते, सलाम. गर्मी शुरू हो रही. एसी की सर्व्हिसिंग अब्बीच करा लो, बाद में मेरेकू टाईम नै मिलता.”

त्याच्याखाली लगेच काकासाहेबांनी लिहिलं. काकासाहेब मूळचे कन्नडकडचे शेतकरी, आता शहरात प्लॉटचा धंदा करतात. “इम्रानभाई, आमचा एसी लई घुरघुर करतोय. वरच्या खोलीतला.”

“शेठ, फिल्टर कब साफ किये?”

“साफ करायचा असतो व्हय?”

तासाभरात सव्वीस जण बोलायला लागले. गफ्फारभाईंनी सांगितलं की एसीच्या खोलीत कापसाची गादी दमट होते, फ्रान्सिस सरांच्या नंबरवर आता असलेल्या बाईंनी त्याला दुजोरा दिला. कट्टा स्थापन झाल्यापासून पहिल्यांदाच वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकमेकांना उत्तरं देत होती. चारठाणकरांनी मध्ये पडून लिहिलं: “कृपया विषयाला धरून बोलावे. नियम चौदा पाहावा.”

बुद्धभूषणनं खाली टाकलं: “काका, होतोय की संवाद. राहू द्या.”

चारठाणकरांनी इम्रानला समज देणारी सूचना पाठवली. इम्रानला ती कळली नाही. त्यानं उत्तर दिलं, “हौ साहब, कल सुबह आता.” आणि खरंच आला. चारठाणकरांकडं कूलर आहे. त्यानं त्याचा पंपही बघून दिला.

वर्ष होत आलं तशी चारठाणकरांनी पहिली जाहीर ऑनलाइन संवादसभा जाहीर केली. रविवार, सकाळी अकरा. पत्रिकेवर ‘विविध धर्मांच्या मान्यवर प्रतिनिधींच्या उपस्थितीत’ असं होतं. मान्यवर अजून सापडायचे होते. सभेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, अर्जांच्या यादीत नाव आलं: मोईनुद्दीन फारुकी. धर्माचा रकाना कोरा. नियमाप्रमाणं असा अर्ज परत पाठवायला हवा होता. चारठाणकरांनी आयुष्यात पहिल्यांदा अपुरा अर्ज मंजूर केला.

“अगं, आले!” ते स्वयंपाकघराकडं बघून ओरडले.

“मग उचला फोन.”

“आता कशाला? परवा सभेतच बोलतो. सगळ्यांसमोर माफी मागितलेली बरी. वजन येतं तिला.”

त्यांनी माफीचा मसुदा केला. तीन वाक्यांचा. ‘खेद वाटतो’ लिहिलं, खोडलं, ‘दिलगीर आहे’ केलं, तेही खोडलं. शेवटी शैलाकाकूंनी कागद ओढून घेऊन वर लिहिलं, ‘मोईनभाई, मी चुकलो.’ ते चारठाणकरांना फार उघडं वाटलं, पण त्यांनी ठेवलं. विषयपत्रिकेत या मसुद्याची जागा ठरली: विषय क्रमांक पाच, आयत्या वेळचे विषय.

रविवारी अकराला पडद्यावर चोपन्न चौकटी उघडल्या. मीही होतो एका चौकटीत. विषय एक, दीपप्रज्वलन. चारठाणकरांनी समई कॅमेऱ्यासमोर आणली, तेव्हा सगळ्यांना फक्त वात दिसली. विषय दोन, प्रास्ताविक. ते एकोणीस मिनिटं चाललं. त्यात कट्ट्याची स्थापना, शुद्धिपत्रकांचा आढावा आणि सूर्यफुलामागची भूमिका होती. मध्येच उस्मानपुऱ्याच्या एका पट्ट्यात नळ आले, जे आमच्याकडं नऊ दिवसांतून एकदाच येतात. बारा चौकटी एकदम रिकाम्या झाल्या. नुसत्या खुर्च्या दिसत होत्या आणि मागून बादल्यांचे आवाज.

मोईनभाई एका कोपऱ्यात होते. पांढरी दाढी, चष्मा, मागं पिस्ता रंगाची भिंत. चारठाणकर त्यांना तीन वर्षांनी बघत होते. त्यांनी कागद सरळ केला आणि वाचलं:

“आता आपल्यासोबत आहेत मुस्लिम समाजाचे प्रतिनिधी, आदरणीय मोईनुद्दीन फारुकी साहेब.”

मोईनभाईंनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी आवाज सुरू केला.

“बडे बाबू, मी प्रतिनिधी कधी झालो? मी तर नकाशा शाखेत होतो.”

लोक हसले. चारठाणकरही हसले, कागदाची कड चुरगाळत. विषय चार, प्रश्नोत्तरे. पहिला हात काकासाहेबांचा.

“मोईनभाई, राग नका मानू बरं का. पण तुमच्यात ते चार-चार बायका करतात, तं ते कसं जमतं? मला एक आवरंना.”

“मला पण एकच आहे,” मोईनभाई म्हणाले. “तिला विचारूनच बसलोय इथं. साडेअकराला गॅसवरचं दूध बघायला सांगितलंय तिनं.”

मग कुणीतरी विचारलं, रोज्यात थुंकी गिळलेली चालते का. कुणीतरी विचारलं, चंद्र ढगात असेल तर काय करता. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की प्रश्न नाही, निवेदन आहे, आणि सहा मिनिटं बोलले. प्रत्येक प्रश्नात ‘तुमच्यात’ हा शब्द होता. मोईनभाई उत्तर देत होते, पूर्वी साहेबांना नकाशा समजावून सांगायचे त्याच आवाजात, न चिडता.

“मेरेकू इतना नै मालूम हो,” ते एकदा म्हणाले. “मी जुम्म्याची नमाज पढतो, बाकी दिवस गुडघे दुखतात. तुमी कुण्या मौलाना साहेबांना बोलवायला पायजे होतं. इम्रान आहे ना इथं? त्याला विचारा.”

इम्राननं कॅमेरा बंद केला.

“आता मी एक विचारू?” मोईनभाई म्हणाले. “बडे बाबू, तुमच्या पत्रिकेवर लिहिलंय, सत्याच्या शोधात निघालेल्यांसाठी खुलं. बाकी लोकांचं राहू द्या. तुमी काय शोधताय?”

चारठाणकरांच्या हातात कागद होता. वरच्या ओळीत शैलाकाकूंच्या अक्षरात सरळ तीन शब्द होते. शैलाकाकू कॅमेऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या, त्यांनी हातानं खूण केली, वाचा. दुसऱ्या कोणत्याही माणसानं वाचलं असतं. चारठाणकरांनी विषयपत्रिकेकडं बघितलं. विषय चार अजून चालू होता.

“हा मुद्दा,” ते म्हणाले, “आपण आयत्या वेळच्या विषयात घेऊ.”

मोईनभाईंनी मान हलवली. कार्यालयात फाईल अडली की हलवायचे तशीच.

काकासाहेबांनी पुन्हा हात वर केला, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. सभा फुकटातल्या सोयीवर होती, चाळीस मिनिटांनी ती आपोआप बंद पडते. हे मी चारठाणकरांना आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवूनही घेतलं होतं.

नवी लिंक गेली. तेवीस जण परत आले. मोईनभाई आले नाहीत. आयत्या वेळचे विषय घेतले गेले, त्यात काकासाहेबांनी वार्षिक सहलीचा ठराव मांडला. आभार झाले. दुपारी सव्वादोनला, जेवणाच्या सुट्टीनंतर, कट्ट्यावर ओळ उमटली की मोईनुद्दीन फारुकी यांनी समूह सोडला आहे.

चारठाणकरांनी फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना त्यांना दिसलं की शैलाकाकू नवऱ्याच्या चपला दाराशी नीट जोडून ठेवतायत.

“आता घरी जा त्यांच्या,” काकू म्हणाल्या. “कागद नका नेऊ.”

चारठाणकरांनी शर्ट बदलला. स्कूटर बाहेर काढली, हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली. फाटकापाशी येऊन थांबले. शेजारच्या फाटकातून बघताना आधी मला वाटलं गाडी सुरू होत नाही. गाडी सुरू होती.

“रोशन गेटकडं राहतात,” ते म्हणाले. “रोशन गेट म्हणजे तिकडंच कुठंतरी. आतल्या अंगाला.”

“सव्वीस वर्षांत एकदाही गेला नाहीत?” बुद्धभूषण रस्त्यानं चालला होता, तो थांबला.

“दर ईदला बोलवायचे. मी म्हणायचो, येतो येतो. मुलाच्या, वरदच्या मुंजीला ते आले होते आमच्याकडं. मांडवात जेवले.” चारठाणकरांनी हेल्मेट काढलं. “सेवापुस्तकात पत्ता आहे त्यांचा. माझ्याच अक्षरात. आता आठवत नाही.”

“मुलाच्या दुकानात विचारा ना. गुलमंडीत.”

“दुकानात कोणत्या तोंडानं जाऊ रे?” ते म्हणाले.

ते स्कूटरवर बसूनच होते. खिशातून फोन काढला, कट्टा उघडला आणि परवानगी न घेता, नियमाचा क्रमांक न टाकता, सावकाश एका बोटानं लिहिलं. कट्ट्यावरच्या सगळ्या सदस्यांना ते पोचलं. तासाभरात सदतीस जणांनी जोडलेले हात टाकले, दोघांनी सूर्यफूल, आणि काकासाहेबांनी ‘लई भारी उपक्रम’ असं लिहिलं. उत्तर कुणाकडंच नव्हतं. आज तीन आठवडे झाले, चारठाणकर तोच प्रश्न रोज सकाळी पुन्हा टाकतात, म्हणून इथंही देतो, तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर:

“मोईनुद्दीन फारुकी, निवृत्त अनुरेखक. रोशन गेटच्या आतल्या बाजूला राहतात. गल्ली कोणती?”